आर्डिथची तळघरातली शाळा

आर्डिथला कुणी ‘संस्थापिका’ म्हटलं की मला हसू येतं. तिने काही संस्था वगैरे काढायचं ठरवलं नव्हतं. ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायची. ट्रक आला, काट्यावर चढला, आकडा लिहिला, पावती फाडली, पुढचा ट्रक. आधी गहू, मग मसूर, मग हरभरा. माझ्या भावाची, ओरिनची, ती बायको. म्हणजे मी तिची नणंद. नणंद असून मी तिच्याविषयी बरं बोलतेय, तेव्हा बाकीचं तुम्हीच समजून घ्या.

शाळा निघाली ती पास्टर ग्रिग्जमुळे. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला ते कुठल्याशा संमेलनाला गेले आणि येताना डोक्यात खूळ घेऊन आले. मुलांना जुन्या पद्धतीने शिकवायचं म्हणे. बायबल, लॅटिन, ग्रीक आणि रोमन लोकांचा इतिहास, तर्कशास्त्र, भाषणकला. रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी आम्हाला तळघरात बसवून तासभर समजावलं. मला कळलं ते एवढंच की लहान मुलांना घोकायला आवडतं म्हणून त्यांना घोकू द्यायचं, अधल्यामधल्या पोरांना उलट बोलायची खोड असते म्हणून त्यांना वाद घालू द्यायचा, आणि मोठ्यांना मिरवायची हौस असते म्हणून त्यांच्याकडून भाषणं करवून घ्यायची. मी म्हटलं, हे तर आमच्या घरी फुकट चालतंय.

“पण शिकवणार कोण?” लोवेलने विचारलं. लोवेल स्टकी. आमच्या पेरी क्रीक गावाच्या उतारावरची निम्मी जमीन त्याची. माणूस चांगला, पण आवाज असा की कुजबुजला तरी शेजारच्या शेतात ऐकू जावं.

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आर्डिथ मागे कॉफीचे कप विसळत होती. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, “एक वर्ष मी बघते. तोपर्यंत कुणीतरी नीट शिकलेलं माणूस शोधा.”

ते माणूस आम्ही पंचवीस वर्षं शोधत होतो.

तिने हो का म्हटलं, ते तिने मला नंतर सांगितलं. त्या हंगामात एक तरणा ड्रायव्हर काट्यावर आला होता. आमच्याच चर्चमध्ये वाढलेला, गावातली सरकारी शाळा पुरी केलेला. तिने पावती दिली तर तो म्हणाला, “आर्डिथ, चष्मा विसरलोय, काय लिहिलंय ते वाच ना.” त्याला चष्मा नव्हताच. तिने वाचून दाखवलं. तो ‘थँक यू’ म्हणून गेला, आणि ही घरी येऊन जेवली नाही. “तेरा वर्षं तो शाळेत बसला, व्हर्ला,” ती मला म्हणाली. “तेरा वर्षं कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही.”

तर अशी शाळा सुरू झाली. पाच घरची मिळून नऊ पोरं, चर्चचं तळघर, आर्डिथ, आणि वाचायला शिकवायला मी. मला तिने विचारलंसुद्धा नाही. “व्हर्ला पहिलीला घेईल,” असं परस्पर सांगून टाकलं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची तिला हौस, आणि तवा धरायला मी.

लॅटिन तिला कुठे येत होतं? शाळा सुटली की ती काट्यावर जायची, तिथे दोन ट्रकांच्या मधल्या वेळात खोलीत बसून शिकायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पोरांना द्यायची. पोरांच्या पुढे एक धडा, कधीकधी अर्धाच. एखाद्या हुशार पोराने पुढचं विचारलं की म्हणायची, “ते गुरुवारी.” म्हणजे तिला बुधवारी कळणार असायचं. पण पोरांना गंमत वाटायची. गाईची धार काढताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, सगळीकडे त्यांचं ते लॅटिनचं पाठांतर ठेक्यात चालायचं. लोवेलच्या दोन्ही पोरी जेवणाच्या टेबलावर सुरू झाल्या तेव्हा तो आर्डिथला म्हणाला, “लॅटिन बोललं की गव्हाला भाव येतो का गं?”

“नाही,” आर्डिथ म्हणाली. “पण भाव पडला की शिव्या नीट देता येतात.”

पुढच्याच वर्षी लोवेल शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला आणि शेवटपर्यंत राहिला.

आता तळघरातली शाळा म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळत नाही. जागा चर्चची. दर शुक्रवारी दुपारी बाकं घडी करून भिंतीला लावायची, फळे उलटे करायचे, नकाशे गुंडाळायचे, पुस्तकं कपाटात कोंबायची, कारण रविवारी तिथे बायबलचे वर्ग आणि शिवाय जेवण. सोमवारी पहाटे सगळं परत मांडायचं. गावात कुणी गेलं तर आठवड्याच्या मध्येच आवराआवर, कारण दफनानंतरचं जेवण तिथेच. आमच्याकडे कुणी गेलं म्हणून शाळेला सुट्टी नसे. पोरं वर जाऊन स्तोत्रं म्हणायची, खाली येऊन हॅम आणि चीज घातलेले बटाटे खायची, आणि उरलेल्या कोपऱ्यात गणित करायची. पाठ धरली, गुडघे गेले, पण मांडणं आणि आवरणं काही संपलं नाही. आर्डिथ माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने एकदाही बाक एकटीला उचलता येत नाही म्हणून कुणाला हाक मारली नाही. मला याचा राग यायचा. ती उचलते म्हटल्यावर मला बसून कसं राहता येणार?

आणि तरी शाळा वाढली, हे मान्य करायला हवं. शेजारच्या गावांतून पोरं यायला लागली. माळ्यावर दोन वर्ग झाले, मग चर्चच्या मागे चाकांवरचं एक फिरतं घर आणून ठेवलं, त्यात मोठी पोरं. एक काळ असा होता की जेवणाच्या सुट्टीत बाहेर इतका गलका व्हायचा, की पास्टरना रविवारचं प्रवचन गाडीत बसून लिहावं लागायचं. पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा त्यात चार जण होते. एक डॉक्टर झाला, एक नर्स, एक पास्टर, आणि चौथा, म्हणजे माझा डॅरिन, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांशी वाद घालतो.

वाद हे आमच्या शाळेचं दैवतच म्हणा ना. त्याची एक रीत होती आणि ती आर्डिथने पहिल्यापासून घालून दिलेली. विषय ठरला की दोन पोरं उभी राहायची, आणि कुणी कुठल्या बाजूने बोलायचं हे कॉफीच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी काढून ठरायचं. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारत नसे. हातात आली ती बाजू आपली. ती अर्धीमुर्धी मांडायची नाही. “ज्याला दुसऱ्याची बाजू जीव लावून मांडता येत नाही, त्याला स्वतःचीही कळलेली नसते,” हे आर्डिथचं पालुपद. आणि शेवटी निकाल तिचा. तिचंही मत बाजूला. कोण चांगलं बोललं, एवढंच. डॅरिन एकदा एका मुळुमुळू रडणाऱ्या पोरीकडून हरला, आर्डिथने स्वतःच्या सख्ख्या भाच्याला हरलेला ठरवलं, तेव्हा मी अख्खा कापणीचा हंगाम तिच्याशी बोलले नव्हते. तिला फरक पडला नाही. तिला वाटलं मी कामात आहे.

नंतरचं काय सांगायचं. आमच्या भागात सगळीकडे झालं तेच. मोठी यंत्रं आली, दोन शेतं एकाची झाली, चार घरांच्या जागी एक घर उरलं. पोरं कमी झाली. आधी माळा बंद केला, मग पाठीमागचं फिरतं घर. शिकवायला कुणी टिकेना. एक तरुण जोडपं आलं, ते नाताळातल्या बर्फालाच घाबरून परत गेलं. दुसरा एक गृहस्थ आला तो विद्वान होता, पण त्याला पोरं आवडत नसत. माझे गुडघे गेले आणि मी दुपारपर्यंतच जायला लागले. राहिली आर्डिथ. सकाळी व्हॅन घेऊन उतारावरच्या पोरांना आणायची, मग प्रार्थना, लॅटिन, इतिहास, तर्क, भाषण, संध्याकाळी परत व्हॅन. काट्यावरची नोकरी तिने कधीच सोडली होती.

ओरिन गेला तो याच काळात. पोटाचा कर्करोग. सहा महिने ती सकाळी त्याचं सगळं करून शाळेत यायची आणि दुपारी मला त्याच्याजवळ बसायला पाठवायची. त्याला आम्ही शुक्रवारी पुरलं. सोमवारी ती लॅटिनच्या तासाला हजर. चर्चमध्ये सगळे म्हणाले, केवढी निष्ठा. मीही म्हणाले.

तिला विचारलं तर एकच उत्तर. “मी दमलेय, व्हर्ला. शाळा दमलेली नाही.” तिला एवढंच हवं होतं, की आपल्यामागे ही शाळा चालावी. दुसरं काही तिने मागितलं नाही, ना कधी देवाकडे, ना मंडळाकडे. मूल नाही, आता नवराही नाही. मागे राहणार ती ही शाळा. ती पडली तर आपण पंचवीस वर्षं बाकंच उचलली असं होईल, असं ती एकदा म्हणाली होती. ते मला लागलं.

आणि मग गेल्या हिवाळ्याच्या शेवटी शहरातल्या मोठ्या ख्रिस्ती शाळेचा निरोप आला. त्यांचीही पद्धत हीच, पण इमारत मोठी, शिक्षक भरपूर, व्यायामशाळा, सगळं. तुमची सगळी पोरं आम्ही घेतो, बस पाठवतो, म्हणाले. माणसं भली होती, त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच पंचाईत झाली.

पालकांची बैठक भरली. आमच्याकडे घरटी एक मत, आणि निर्णय हात वर करून. पण त्या दिवशी मतापर्यंत गोष्ट गेलीच नाही. एक म्हणाला पोरं रोज दोन तास बसमध्ये सडतील, दुसरा म्हणाला इथे ती तळघरात सडतायत. कुणीतरी कुणाच्या आजोबांचा विषय काढला. लोवेलने टेबलावर हात आपटला तर पाण्याचा जग पडला. पास्टर ग्रिग्ज आता थकलेले, त्यांनी मधेच प्रार्थना सुरू केली, ती कुणी ऐकली नाही.

तेव्हा आर्डिथ उभी राहिली. “तुम्हाला भांडता येत नाही,” ती म्हणाली. “पोरांना येतं. दोन आठवड्यांनी शनिवारी या. रीतीप्रमाणे चिठ्ठी काढू, एक पोर शाळा ठेवा म्हणून बोलेल, एक बंद करा म्हणून. ऐका, आणि मग हात वर करा.”

सगळ्यांना ते पटलं. पटणारच, सगळी आमचीच माणसं. दुसऱ्या कुठल्या गावात असं सुचवलं असतं तर लोकांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

परत येताना मी तिला गाडीत म्हटलं, “अगं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. कशाला पोरांच्या तोंडी देतेस? सरळ मत घे. लोवेल तुझ्या बाजूने आहे, अर्धी घरं आहेत.”

“अर्धी घरं काठावर आहेत,” ती म्हणाली. “पण ती येतील. पोरं बोलताना ऐकतील ना, मग येतील. पेरी क्रीकमधलं सतरा वर्षांचं पोर उभं राहून असं बोलतंय, हे डोळ्यांनी बघितल्यावर ज्या तळघरात हे घडलं ते बंद करायला कुणाचा हात वर होईल? कुणीही कुठल्याही बाजूने बोलू दे, व्हर्ला. जिंकणार शाळाच.”

मला त्यात खोट सापडली नाही. मी काही तर्कशास्त्र शिकवत नव्हते.

मोठ्या वर्गात त्या वर्षी दोघंच. ॲन्सन, लोवेलचा नातू, आणि टर्झा. टर्झा मॅडॉक्स म्हणजे सात भावंडांतली चौथी, सडपातळ, वेणी घालणारी, मृदू आवाजाची. पहिलीत माझ्याकडे होती तेव्हा वाचायला उशिरा शिकली, पण एकदा शिकल्यावर थांबली नाही. शाळेवर तिचा जीव. आर्डिथवर तर इतका, की तिची चालही उचलली होती. डब्यातून चिठ्ठी तिने काढली, वाचली, आणि तिचा चेहरा उतरला.

“बंद करा,” तिने वाचून दाखवलं. मग म्हणाली, “बाई, मी ॲन्सनशी बदलू का?”

“चिठ्ठी बदलत नाहीत,” आर्डिथ म्हणाली. “आणि अर्धं बोलायचं नाही. मला कळेल.”

त्या शनिवारी वरचं चर्च भरलं होतं. ॲन्सन आधी बोलला. छान बोलला. शाळा कशी सुरू झाली ते सांगितलं, आपल्या आजोबांच्या गव्हाचा विनोद सांगितला, लोक हसले. डॉक्टर, नर्स, पास्टर मोजले, डॅरिनला वगळलं. रोज दोन तास बसमध्ये घालवणारं पोर आईबापाच्या हाताखाली केव्हा येणार, हे विचारलं. जे गावाने उभं केलं ते गावानेच धरून ठेवायला हवं, म्हणाला. दुसऱ्या ओळीत बायकांनी रुमाल काढले. आर्डिथ समोर एका बाजूला उभी होती, निकाल देणाऱ्याने बसायचं नाही ही तिची रीत. तिच्या तोंडावर मला बऱ्याच दिवसांनी रंग दिसला.

मग टर्झा आली. सुरुवात कोरडी केली. बसचा रस्ता, तिथले शिक्षक, विज्ञानाची प्रयोगशाळा. नीट बोलत होती, पण जीव नव्हता. मला हायसं वाटलं. मग हातातला कागद तिने खाली ठेवला.

“ॲन्सनने विचारलं की हे सगळं कुणी उभं केलं,” ती म्हणाली. “त्याने उत्तर दिलं, गावाने. माझी मोठी भावंडं इथे शिकली, मी इथे बारा वर्षं आहे. मला सोमवारी सकाळी बाकं मांडायला गाव दिसलेलं नाही. तुम्ही आमच्याकडे बघताय आणि मनात म्हणताय, बघा कशी बोलतात ही पोरं, ही शाळा कशी बंद करायची. पण आपण जिला शाळा म्हणतो ती शाळा नाहीच. ती एक बाई आहे. ती सकाळी आम्हाला आणते, पाच विषय शिकवते, परत घरी सोडते. थंडीत तिला ताप होता तेव्हा ती हीटरला टेकून शिकवत होती आणि आम्ही वह्या काढल्या. बाई म्हणतात, मी दमलेय, शाळा दमलेली नाही. मला हे तर्कात बसवता येत नाही. दुसरं कुणी असतं तर ते खरं असतं. पंचवीस वर्षांत दुसरं कुणी आलं नाही, कारण बाई आहेत म्हणून कुणाला यावं लागलं नाही.”



“मिस्टर ओरिन गेले,” ती म्हणाली, “त्यांना शुक्रवारी पुरलं. आम्ही वर स्तोत्रं म्हटली. सोमवारी बाई लॅटिन घ्यायला आल्या. आपण सगळे म्हणालो, केवढी निष्ठा. मीही आईला तेच सांगितलं, मला अभिमान वाटला होता. त्या दिवशी आम्ही वर्गात अकरा जण होतो. एकही जण म्हणाला नाही, बाई, घरी जा. आपल्याला जे हवं होतं ते मिळत होतं म्हणून आपण त्याला निष्ठा म्हटलं. शाळा चालू ठेवायला आज हात वर कराल, तर कुणाच्या पाठीवर चालू ठेवताय ते आधी बघा. ती इथेच उभी आहे. तिला कुणी खुर्चीही दिलेली नाही.”

ती खाली बसली.

आता निकाल द्यायचा होता. आणि इथे मी देवाच्या घरात बसून मनात म्हणत होते, आर्डिथ, खोटं बोल. एकदाच. ॲन्सनचं नाव घे. कुणाला कळणार नाही, सगळे काठावर आहेत, तू ॲन्सन म्हणालीस की त्या बाजूला पडतील. तुझी शाळा आहे, तुझा जन्म गेलाय तिच्यात, एक नाव घ्यायचंय फक्त. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीला हात लावून उभी होती. पास्टर उठायला लागले, त्यांना तिने हाताने थांबवलं.

“ॲन्सनने आपल्याला जे आवडतं ते सांगितलं,” ती म्हणाली. “चांगलं सांगितलं. टर्झाने ॲन्सनच्या मुद्द्याला उत्तर दिलं, आणि ॲन्सनकडे तिच्या मुद्द्याला उत्तर नाही.” तिने भिंतीवरचा हात काढला. “माझ्याकडेही नाही. टर्झा जिंकली.”

लोवेलने मत घेतलं. त्याने नुसतीच आधी टर्झाकडे मान केली, मग ॲन्सनकडे. बंद करण्यासाठी हात वर झाले ते एकेक करून झाले, आधी कडेचे, मग मधले. मॅडॉक्सांचा झाला. शेवटी लोवेलने स्वतःचाही केला, आणि दुसऱ्या हाताने डोळे झाकले. ठेवायच्या बाजूने उरलेले मोजायची गरज नव्हती. माझं मत नव्हतं, माझं कुणी पोर आता शाळेत नव्हतं. असतं तर काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही, आणि मला याचा संताप येतो.

खाली कॉफी होती. आमच्याकडे काहीही झालं तरी खाली कॉफी असते. लोक येऊन आर्डिथचा हात धरत होते आणि केकविषयी बोलत होते. एक बाई तिला म्हणाली, “आता जरा प्रवास कर हं.” आर्डिथने मान हलवली. कुठे जाणार होती ती?

टर्झा जिन्यापाशी उभी होती. डोळे सुजलेले, नाक लाल. तिची आई तिला घरी चल म्हणत होती आणि ती हलत नव्हती. शेवटी गर्दी पांगल्यावर ती पुढे आली.

“बाई, चिठ्ठी आली म्हणून,” ती म्हणाली. “मला बंद व्हायला नको होती. मला खरंच नको होती. पण तुम्ही म्हणालात, अर्धं बोलायचं नाही.”

“म्हणाले होते,” आर्डिथ म्हणाली. “नाही बोललीस अर्धं.” तिच्या हातातला कप मी काढून घेतला. मग तिने विचारलं, “ओरिनचं जे बोललीस. सोमवारचं. ते बाजू म्हणून, की तुला तसं वाटतं?”

पोरीला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं असतं, बोल बाई, काय जातंय.

“बसचं, प्रयोगशाळेचं, ते बाजू म्हणून,” टर्झा म्हणाली. “सोमवारचं तेवढं माझं होतं.”

“कधीपासून?”

“त्या सोमवारपासून.”

“मग तीन वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बसत कुठे होतात, बाई, सांगायला?”

मला वाटलं आता आर्डिथ काहीतरी तोडून बोलेल. तिला सवय होती. मी उष्ट्या बशा गोळा करायच्या निमित्ताने तिथेच घुटमळले, वेळ आली तर मध्ये पडायला. तिने भिंतीला लावलेल्या खुर्च्यांतली एक ओढली, आणि अंग टाकलं. अशी बसली की मला वाटलं आता हिला उठवायला दोन माणसं लागतील. दुसरी खुर्ची तिने पायाने पुढे सरकवली.

“ये, बैस,” ती म्हणाली. “आता बाजू मांडू नकोस. नुसतं सांग.”

टर्झा बसली आणि सांगायला लागली. मागचं पुढे, पुढचं मागे, मध्येच रडू, मध्येच नाक पुसणं, एक वाक्य धड नाही. आर्डिथ हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिने तिचं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही.